दाजी, अक्का आणि डोरियन

इस्लामपूरपासून मिरजेपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यात डोरियन मोड नावाच्या विलायती सुरावटीची काळजी वाहणारा एकच माणूस आहे आणि तो म्हणजे माझे थोरले साडू, दाजी. दुसरा कुणी असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. दाजी त्याला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत आणि जेवताना बोलूही देणार नाहीत. दाजी फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा सगळे आणतात तशी लोखंडी ट्रंक तर त्यांनी आणलीच, शिवाय एक गिटार आणली. बराकीतल्या मेघालयाच्या एका दोस्ताने त्यांना मोजके कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सूर, शिकवले होते, सगळेच्या सगळे मायनर, म्हणजे उदास. उसाला पाणी सोडलं की बांधावर बसून दाजी ते वाजवायचे आणि वाटेने जाणाऱ्याला वाटायचं, यांच्या मोटारीची वीज तोडलेली दिसते.

मग मोबाईलवर त्यांना कुठल्याशा परदेशी पोराचा धडा सापडला. मायनरमधला सहावा सूर, म्हणजे आपला धैवत, कोमल असतो. तो शुद्ध करायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही, की झाला डोरियन. गिटारवर तर काम आणखी सोपं. ए मायनरच्या जोडीला डी मायनर येत असेल तिथे डी मेजर धरायचा; सगळ्यात बारीक तारेवरचा सूर एक फ्रेट, म्हणजे दांडीवरचं एक घर, पुढे सरकतो, बस्स. हे मी तुम्हाला चार वाक्यांत सांगितलं. दाजी ते न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस असताना सांगतात. "पाव्हणं, मायनर म्हंजे सासरला निघालेली पोर," असं ते मला म्हणाले, "आन् डोरियन म्हंजे बी तीच पोर. पर एस्टीत खिडकीची जागा घावल्याली!" सांगलीच्या एका पेटीवाल्या गुरुजींनी त्यांना सांगितलं की अहो, हा तर आपला काफी थाट. दाजींना राग येईल असं मला वाटलं होतं. पण परमुलखात गाववाला भेटावा तसे ते हरखले आणि गुरुजींना ऊस खायला घरी घेऊन आले.

फलटणला पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला मांडवात नेणाऱ्या वरातीच्या बेंजोवाल्यांना पकडलं. ए मायनर आणि डी मेजर, या दोनच कॉर्डवर फिरत राहायचं, असं पढवलं. वाजायला लागलं ते इतकं झकास, की पोरं नाचायची थांबेनात. पण या दोन कॉर्डांच्या येरझाऱ्यांत 'आता संपलं' असं कुठे वाटतच नाही. बेंजोवाल्यांना थांबायची जागा सापडेना, वरात एका पिठाच्या गिरणीसमोरून हलेना, आणि तिकडे मांडवात भटजी अंतरपाट हातात घेऊन ताटकळले. "आरं, मुहूर्त गेला न्हवं!" म्हणून नवरीचा बाप ओरडत आला. दाजी त्याला धैवत समजावून सांगायला लागले.

हे सगळं खरं असलं तरी दाजींच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. अक्का, म्हणजे दाजींची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, पंचमीची गाणी फार गोड म्हणायच्या. डोरियन सापडायच्या कितीतरी आधी एका पंचमीला त्या बायकांच्या फेरात माहेरचं गाणं म्हणत होत्या आणि दाजी कट्ट्यावर बसून साथ करू बघत होते. त्यांच्या डी मायनरशी अक्कांचा एक सूर काही केल्या जुळेना. दाजींनी चक्क फेर थांबवला आणि साऱ्या बायकांदेखत म्हणाले, "आगं, तू हितं सूर चढा लावतीस." आमच्याकडे बायकांचा फेर देवसुद्धा मध्येच थांबवत नाही. त्यानंतरही अक्का गात राहिल्या, पण दाजींच्या कानावर जाईल असं कधीच नाही.

डोरियन आला त्याच आठवड्यात दाजींची बोटं सहज त्या गाण्यावर गेली. डी मेजर वाजला आणि कानात राहिलेला अक्कांचा तो 'चढा' सूर त्यात अलगद बसला. मी शेजारीच होतो. दाजी गिटार ठेवून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि परेडला उभं राहावं तसे सावधानमध्ये उभे राहिले.

"आगं, तुझं बरोबर हुतं. चूक माझी हाय."

"कवाची?" अक्कांनी भाकरी थापता थापता विचारलं.

"पंचमीची."

"बरं. ते पातेलं सरका जरा."

अक्का गायल्या मात्र नाहीत. मग दाजी आख्ख्या तालुक्याला डोरियन सांगत सुटले. मला वाटतं, फिरून फिरून ते स्वयंपाकघरापर्यंत पोचावं एवढीच त्यांची इच्छा होती.

गेल्या उन्हाळ्यात अक्कांच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढावी लागेल. आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. दाजींचं बोलणंच बंद झालं. न्हाव्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "दाजी बरं हायत न्हवं?"

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी चहा झाल्यावर दाजी अंगणात गिटार घेऊन बसले. गा म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, नुसते तेच दोन कॉर्ड वाजवत राहिले. अक्का पिशवी भरत होत्या. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"आवं, जरा सावकाश वाजवा. मला धरू द्या."

त्या गायल्या. ती जागा आली, त्यांनी सूर चढवला, आणि खाली दाजींचा कॉर्ड तयार होता. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बसला की वो," म्हणाल्या. दाजींनी तोच कॉर्ड पुन्हा एकदा छेडला.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज परत आला, पण जाडसर, खाली उतरलेला. हल्ली मी गेलो की दोघं अंगणात असतात आणि अक्का तेच गाणं म्हणतात. त्या जागेपाशी आल्या की गप्प होतात, तिथवर गळा पोचत नाही. तेवढा एक सूर दाजी गिटारवर वाजवतात. अक्का मान हलवतात आणि पुढची ओळ धरतात.