एका ट्रकचे दोन ड्रायव्हर

मी मुळातच संशयी. लहानपणी आई म्हणायची, या पोरीला दुधात आधी पाणी दिसतं. दिसायचं, कारण ते असायचं. त्यामुळे नरडाण्याजवळच्या माझ्या सासरी त्या वर्षी जे शिजत होतं, ते सगळ्यांच्या आधी मला कळलं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

घर एक, चूल एक आणि ट्रकही एकच. जुना, पुढं नाक काढलेला, कुणाकुणाच्या हाताखालून आमच्याकडं आलेला. एक आठवडा आमचे हे चालवायचे, पुढचा माझा धाकटा दीर. कधी धुळ्याला कापूस, कधी सावद्याहून केळी. घराचं सगळं त्या ट्रकवर होतं. तो दारात उभा राहिला की आबा, म्हणजे माझे सासरे, दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

तर हा ट्रक सकाळी सुरू होईना. रोज नाही हं. दिरानं आणून लावला की दुसऱ्या दिवशी होत नसे, आणि ह्यांनी लावला की स्टार्टर मारल्याबरोबर धडधडायला लागे. आता तुम्हीच सांगा, मनात पाल चुकचुकायला आणखी काय लागतं?

दीर बॉनेट उघडून हातपंप मारत बसे, नट ढिला करून नळीतली हवा काढे, तरी नाही जमलं तर गल्लीतले लोक धक्का मारायला येत. हे ओट्यावर उभे राहून नुसते बघत. टाकीतलं डिझेल तळाला गेलं की गाडी हवा ओढते, हे कुठल्याही ड्रायव्हरला पाठ असतं. मग एका सकाळी ह्यांनी टाकीत काठी बुडवून पाहिली. डिझेल हवं त्यापेक्षा कमी भरलं.

"टाकीमा डिझेल कमी कसं शे?" ह्यांनी विचारलं.

"माले नको इचारू," दीर म्हणाला, आणि त्यानं आमच्या दाराकडं बोट केलं.

झालं. आमचं अंगण उताराचं. हे ट्रक लावायचे आमच्या दारापुढं, नाक खाली रस्त्याकडं करून. दीर लावायचा पलीकडं त्याच्या खोलीपुढं, नाक वर करून. आणि खरंच, आमच्या दारापुढं मातीत डिझेलचा काळा डाग पडलेला असायचा. त्याच्या दारापुढं टिपूस नाही. म्हणजे आम्हाला वाटत होतं दीर डिझेल काढून विकतो, आणि त्यांना वाटत होतं आम्ही काढतो आणि काढताना सांडतो. हे कुणी कुणाला तोंडावर म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, एकदाचं भांडण होऊन मिटलं तरी असतं.

जेवण एका चुलीवर असलं, तरी दूधदही आणि चहाचा स्टोव्ह ज्याच्या त्याच्या खोलीत असायचा. तर झालं काय, माझी जाऊ विरजण मागायला म्हणून माझ्या खोलीत यायला लागली. तिच्याकडं दही होतं, मी स्वतः पाहिलं होतं. विरजण वाटीत घेईपर्यंत तिचे डोळे माझ्या स्टोव्हवर. मी रॉकेलऐवजी डिझेल जाळते का, हे ती बघत होती. मीही काही कमी नव्हते. दोरीवर वाळत घातलेला दिराचा शर्ट मी येताजाता हुंगायची. आम्ही दोघी एका परातीत भाकरीचं पीठ मळायचो, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो.

त्यात गिअरबॉक्स तापायला लागला. ड्रायव्हरच्या पायाजवळची लोखंडी पाटी इतकी गरम व्हायची, की चप्पल न घालता पाय टेकवत नसे. खालून बघावं तर गिअरचा डबा तेलानं माखलेला. ह्यांचं म्हणणं, तेल गळतंय आणि धाकटा बघत नाही, गाडी कोरडी पळवतो. जाऊच्या तोंडून एकदा निसटलं, की तिकडंही हेच बोलणं, फक्त नाव आमचं. ह्यांनी गुपचूप तेलाचा डबा आणला. खेपेवरून आले, की गोणपाट टाकून आधी ट्रकखाली बघायचे, मग वरून तेल ओतायचे. "त्याला सांगू नको," मला म्हणाले, "त्याच्या भरवशावर राहिलो तर गिअर हातात येतील."

एकदा दिवेलागणीला जाऊ पदराआड डबा घेऊन ट्रककडं जाताना मी पाहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी आबांना. आबांनी दोघा भावांना समोर बसवलं. विचारलं काहीच नाही. नुसतं म्हणाले, "गाडी इकी टाका. आन् चुली दोन करा." धुळ्याचं एक गिऱ्हाईक त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. पाचोऱ्याला बियाणं पोचवायचं कबूल केलेलं, तेवढी खेप झाली की ट्रक द्यायचा.

त्या खेपेला दोघंही निघाले, कारण एकट्यावर गाडी सोडायला दुसरा तयार नव्हता. माझं माहेर पाचोऱ्याचं, तिथं चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून मीही चढले. हे स्टेअरिंगवर, दीर खिडकीपाशी, आणि मधे मी, गिअरच्या दांड्याला गुडघे चोरून. अमळनेर मागं पडलं तोवर पाटीचा चटका माझ्या चपलेतून लागायला लागला. मग जळक्या तेलाचा वास. मी पाय वर घेतले आणि म्हटलं, "तुमचं काय चाललंय ते चालू द्या, पण मला भाजायला बसवलंय का इथं?"

पाचोऱ्याच्या अलीकडं चढाला एक गॅरेज होतं, तिथं ह्यांनी गाडी घातली. मिस्त्री जाडजूड, आवाज लाउडस्पीकरचा. खाली शिरल्याशिरल्या शिव्या द्यायला लागला, कारण गिअरबॉक्सच्या कुशीतला तेलाची पातळी बघायचा नट झिजून गोल झाला होता. "हा उघडलाच नाही कधी तुम्ही," तो ओरडला. तो नट निघत नाही म्हणून आमच्याकडं तेल नेहमी वरच्या झाकणातून ओतायचे. मिस्त्रीनं छिन्नी लावून घण मारला, आणि नट सुटताच काळंभोर तेल भसाभसा त्याच्या छातीवर आलं. कितीतरी वेळ येतच होतं. तो बाहेर आला तो पार न्हाऊन.

"डबा गळ्यापर्यंत भरलाय. जास्त तेल घुसळून घुसळून तापतं आणि वरून बाहेर फेकलं जातं. कोणी ओतलं एवढं?"

"मी," हे म्हणाले.

"मी," दीर त्याच वेळी म्हणाला.

प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता ओतलं होतं, माखलेला गिअरबॉक्स बघून पुन्हा ओतलं होतं. जाऊच्या पदराआडच्या डब्यात तेलच होतं, नवऱ्यानं मागितलेलं. मग मीच पुढं होऊन मिस्त्रीला गाडी सुरू न होण्याचं सगळं सांगितलं, कुणाच्या दारात होते, कुणाच्या होत नाही, डाग कुठं पडतो. त्यानं बॉनेट उघडून डिझेलची रबरी नळी वाकवून दाखवली. क्लिपपाशी बारीक चीर होती. तो म्हणाला, नाक खाली असलं की टाकी उंच राहते आणि चिरेतून डिझेल ठिबकतं. नाक वर असलं की डिझेल टाकीकडं उतरतं आणि चिरेतून हवा शिरते. चोर ही नळी. त्यानं ती बदलली, जास्तीचं तेल काढून नवा नट बसवला, हवा काढली.

हे मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. दिराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल, बठ्ठं मिटनं. आते गाडी इकानी नही."

दीर हसला नाही. मला वाटलं होतं त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, तेही आलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, मी चोर नही, हाई तुले मिस्त्रीनी सांगं तवय समजनं."

"तू बी माले तेच समजत व्हता ना?" हे म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "म्हनीसनच सांगस मी. इकी टाक."

त्यानं केबिनमधून आपली पिशवी काढली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला, एस.टी.नं घरी जायला. मी ह्यांना म्हटलं, हाक मारा त्याला. मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला होता, की एकेकाला धरून हलवावं. हे म्हणाले, येईल तो आपणहून. मी म्हटलं, येणार नाही, तुम्ही हाक मारा. दीर अजून दिसत होता, रस्त्याच्या कडेनं, पिशवी काखेत मारून.

हे वर चढले आणि त्यांनी स्टार्टर मारला. ट्रक चढावर नाक वर करून उभा होता. तरी पहिल्याच झटक्यात सुरू झाला. मला वाटलं, मेला आजच कशाला सुरू झाला. नसता झाला, तर धक्का मारायला भावाला हाक तरी मारावी लागली असती.