बागेतला नळ

आमच्या पनवेलच्या सोसायटीत माझे वडील सेक्रेटरी. लोक पाणी फार वाया घालवतात म्हणून त्यांनी भांडून भांडून प्रत्येक घराला मीटर बसवून घेतला. जितकं वापराल तितकं भरा. "आता बघ कसे ताळ्यावर येतात सगळे," असं मला म्हणाले.

महिन्याभरात घरातले नळ खरंच शांत झाले. वाहू लागला तो खाली बागेतला नळ. त्याला मीटर नव्हता, त्याचं बिल सगळ्यांत वाटलं जायचं. चौथ्या मजल्यावरच्या, मूळ उरणच्या काकू रविवारी कोलंबीची पाटी घेऊन तिथे बसल्या. "घरात वास येतो गो," म्हणाल्या. इतकी वर्षं तो वास कुठे गेला होता, देव जाणे! मग त्यांच्यामागोमाग अख्खी बिल्डिंग मासे धुवायला उतरली, आणि आसपासच्या मांजरांनी आमच्या बागेत कायमचा मुक्काम ठोकला.

वडील भडकले. "फुकट मिळालं की लाज सोडतात!" तातडीने मीटिंग घेऊन त्यांनी नळाला कुलूप लावलं. किल्ली विश्वासू माणसाकडे हवी, म्हणून ती एकमताने सेक्रेटरींकडे आली.

तेव्हापासून वडील रोज सकाळी झाडांना पाणी घालायला स्वतः जातात. जाताना आमचे पडदे, पायपुसणी आणि धुळीने माखलेली स्कूटर सोबत असते. आमचं पाण्याचं बिल बिल्डिंगमध्ये सगळ्यांत कमी येतं. वडील ते नोटीस बोर्डावर लावतात, इतरांनी काहीतरी शिकावं म्हणून.