शुभाचा बिल्ला आणि बगळ्यांची बशी

आमच्या समोरच्या अपार्टमेंटमधली शुभा नागपूरची. बॉटनीची एम.एस्सी., दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली. लग्नानंतर नवऱ्यामागून एच-फोर व्हिसावर अमेरिकेत ॲन आर्बरला आली आणि चार वर्षं प्रत्येक फॉर्मवर ‘डिपेन्डन्ट’ लिहून लिहून तिला पेनचाच राग यायला लागला. पगाराची नोकरी करायला बंदी होती. फुकट राबायला मात्र सरकारची ना नव्हती.

दोन हजार चारच्या चैत्रात, बाहेर बर्फ असताना, तिला कळलं की गावातल्या एका छोट्या म्युझियमला चिनी भांड्यांची माहिती सांगत लोकांना फिरवणाऱ्या बायका हव्या आहेत. परीक्षा घेणार. पास झालं की गळ्यात स्वतःच्या नावाचा बिल्ला. भांड्यावरच्या चित्राचा एक अर्थ जरी चुकीचा सांगितला तरी सहा महिने थांबा. शुभाला तो बिल्ला हवाच होता.

अभ्यास माझ्या ओट्याशी चाले. मी पोळ्या लाटायची, ती घोकायची. बदकांची जोडी म्हणजे सुखी संसार, पिओनीचं फूल म्हणजे ऐश्वर्य, क्रौंच आणि पाइन म्हणजे दीर्घायुष्य, प्लमच्या फांदीवर मॅगपाय पक्षी म्हणजे आनंदाची बातमी. चायनीज ग्रोसरीतून आणलेल्या माझ्या बाऊलवरची बदकं एकमेकांकडे पाठ करून बसलीत, हे तिनेच दाखवलं. आमचे हे म्हणाले, “चित्रकार लग्न झालेला असणार.”

परीक्षेला पाहुणे आपले आपण आणायचे होते. तिने भजनी मंडळातल्या आम्हा पाच जणींना नेलं. त्यात मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या मीनाक्षीमावशी होत्या. पहिल्याच दालनात एका देवीची मूर्ती दिसली, तशा मावशींनी चपला काढाव्यात तसे स्नोबूट काढले. मग आम्हीही काढले. गार्ड पाच जोड बुटांकडे बघत राहिला. त्याच्या नियमांत बुटांचं काही नसावं.

परीक्षक मिसेस केलर वही घेऊन मागून येत होत्या. शुभा झकास बोलत होती. मग आली एक निळी-पांढरी बशी. कमळं, आणि त्यांत दोन बगळे. शुभा थांबली. तिचा चेहरा बघून मी मनात गणपतीचा जप सुरू केला.

मावशी माझ्या कानात पुटपुटल्या, “मेला बगळा. डोळे मिटून उभा राहतो नि मासा गिळतो. ढोंगी.”

त्यांचं पुटपुटणं दालनभर ऐकू जातं. शुभाने तेच घाईघाईने इंग्रजीत सांगून टाकलं: हा पक्षी खोटा साधू, अशांपासून सावध राहा, असं ही बशी सांगते. मिसेस केलरचं पेन बराच वेळ चाललं.

पुढच्या फुलदाणीवर पिओनी होत्या. शुभा त्यांच्याबद्दल अर्धं बोलली आणि उलट पावली बशीपाशी गेली.

“मघाशी सांगितलं ते आमच्याकडचं,” ती म्हणाली. “चिनी चित्रकाराच्या मनात ते नव्हतं. कमळातले बगळे म्हणजे परीक्षेमागून परीक्षा पास होत जा, हा आशीर्वाद. परीक्षेला बसणाऱ्यासाठीची शुभेच्छा. आणि आजच मी ती विसरले.”

मिसेस केलरनी चष्मा काढला. “तू सांगितलं नसतंस तर यांना कळलं असतं का?”

“नाही. पण या बायका घरी जाऊन सगळ्यांना सांगतात.”

मिसेस केलर हसायला लागल्या. चूक दालनाबाहेर गेली तरच ती चूक, म्हणाल्या, आणि वहीतली ओळ खोडली. मावशींना काही पटलं नाही. चिन्यांनी बगळा जवळून पाहिलेलाच नसणार, असं त्या कारमध्ये घरापर्यंत सांगत होत्या.

बिल्ला गुरुवारी मिळाला. शनिवारी शुभा तो गळ्यात घालूनच इंडियन ग्रोसरीत मेथी निवडत होती. एका गोऱ्या बाईने तिला दुकानातली समजून नारळ कुठे ठेवलेत, असं विचारलं. शुभाने नेऊन दाखवले. मग नारळाला तीन डोळे का असतात, ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. बाई जागची हलली नाही.