गाडी चालू हाय

दोन हजार तेवीस साल, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. पोरगा काठी घेऊन आला अन् म्हणे, "बाबा, आता टेकडी तुमच्यानं होत नाही." म्हणून मी मुद्दाम आमच्या पुसदच्या गाडीमिस्त्रीसंग जंगलातल्या टेकडीच्या सहलीले गेलो.

हा माणूस गॅरेजात कोणत्याच गाडीले धक्का मारू देत नाही. मान वाकडी करून नुसता इंजनाचा आवाज ऐकते. अर्ध्या चढावर त्यानं तसाच माहा दम ऐकला.

"काका, इंजन गरम झालं. बसा जरा."

सहलीतल्या एका बाईनं मले उठवाले हात दिला, तर हा ओरडला, "धक्का नको, ताई! गाडी चालू हाय!"

मी उठलो अन् सोताच्या पायानं माथ्यावर पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं आणलेली काठी तोडून चुलीत घातली अन् वर चहा ठेवला.