घरच्या माणसाची सही

धारहून निघायच्या दिवशी टॅक्सी वेळेच्या आधीच दारात येऊन उभी राहिली आणि आमच्या घरात एकच धांदल उडाली. आई पोळ्यांचा डबा बांधत होती, तो बॅगेत मावेना. बाबा, म्हणजे आमच्या गावच्या सरकारी शाळेतून निवृत्त झालेले नागरिकशास्त्राचे मास्तर, मला शेवटची सूचना देत होते की तिकडे रस्ता झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांड. धारमध्ये असा एखादा पट्टा मी जन्मात पाहिला नव्हता, पण मान डोलावली. ड्रायव्हर फाटकाशी उभा राहून बाबांच्या मागे लागला होता, "भिया, जल्दी करो, घाटाबिल्लोद पे जाम लग गया तो फिर मेरे को मत केना." आत्याबाईंनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली, पाठीवरून हात फिरवला आणि त्या आत निघून गेल्या. त्यांना निरोप देणं जमत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. इंदूरच्या विमानतळावर पोचेपर्यंत मात्र परत फिरावंसं वाटायला लागलं होतं. तेव्हापासून माझं हे असंच चाललं आहे. जिथे असेन तिथून उठावंसं वाटतं.

हे मी धार-देवासला राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. माझी शाळा हिंदीतली, मराठी काय ती घरात ऐकलेली. लिहिताना चुका होतील, त्या पोटात घाला.

मी गेले ती शिष्यवृत्तीवर. इंदूरला समाजशास्त्रात बी.ए. करत होते तेव्हा आमच्या दुबे मॅडमनी मला हट्टाने अर्ज करायला लावला. समाजशास्त्र, राज्यशास्त्र असल्या विषयांत जी मुलं पुढे आहेत त्यांना परदेशात एम.ए. करण्यासाठी मिळणारी ही शिष्यवृत्ती. मिळाली, आणि बाबा पेढे घेऊन गल्लीत निघाले. पण पेढा देण्यापेक्षा समजावण्यातच त्यांचा जास्त वेळ गेला. शेजारच्या जोशी काकांना वाटलं, मुलगी डॉक्टरकी शिकायला चालली. तसं नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग इंजिनिअरिंग?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी हातातला पेढा एकदा नीट निरखून पाहिला. देवासच्या मामांनी फोनवर आशीर्वाद दिला की समाजाची सेवा कर. समाजशास्त्र आणि समाजसेवा वेगळी, हे सांगायचं मी लवकरच सोडून दिलं.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं ते गाव तसं वाईट नव्हतं. गार होतं, आणि लोक शेजारी राहूनही एकमेकांच्या घरात डोकवत नव्हते. सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक वाटलं. धारमध्ये मी भाजी घेऊन आले की ती कुठल्या भावाने मिळाली हे तीन घरांना कळायचं. इथे मी आठवडाभर आजारी पडले तरी कोणाला पत्ता लागला नाही. मग त्या कौतुकाचाच राग यायला लागला. मी सारखी खोलीतलं सामान इकडचं तिकडे करायची. पलंग खिडकीखाली, मग भिंतीशी, मग परत खिडकीखाली.

तिथल्या मराठी मंडळींकडे गणपतीला गेले. पुण्या-नाशिककडची माणसं, मनाने चांगली. पण मी बोलताना मध्येच 'मतलब' म्हणायची आणि ती एकमेकांकडे बघून हसायची. एका बाईंनी मला प्रेमाने विचारलं की तुम्ही हिंदीभाषिक असून मराठी इतकं छान कुठे शिकलात. आता त्यांना काय सांगू, की आमच्या घरी सोवळ्यातलं मराठी इतकं जुनं आहे की ते त्यांच्या आजीलाही परकं वाटलं असतं. आणि इकडे धारच्या शाळेत मुली मला 'मराठण' म्हणून चिडवायच्या. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं आमचं मालव्यातल्या मराठी माणसांचं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. माझे मार्गदर्शक हळू बोलणारे सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, तुझ्या घरातच एवढा विषय पडला असताना तू बाहेर कशाला शोधतेस. विषय असा, की जुन्या दरबारांच्या आश्रयाने मालव्यात आलेली आमची घराणी दरबार गेल्यावर कुठे गेली, कशी जगली. देवासला तर एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अल्याड एकाचा अंमल, पल्याड दुसऱ्याचा. माझे आजोबा धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. हातात इभ्रतीची नोकरी असताना ते ती सोडून एकाएकी धारला आले आणि पुन्हा देवासच्या वाटेला गेले नाहीत. का आले, हे घरात कोणी बोलत नसे. ठाऊक होतं ते फक्त आत्याबाईंना. त्यांच्या आईने ते त्यांना सांगितलं होतं. बाबांना मात्र कधी सांगितलं नव्हतं.

या प्रबंधावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं. पीएच.डी.ची शिष्यवृत्ती मोजक्याच जणांना मिळणार, आणि तिची मुलाखत प्रबंधावरच होणार. मिळाली तर आणखी चार वर्षं तिथे, नाही मिळाली तर व्हिसाची मुदत संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर नव्हतं. आई फोनवर बी.एड.चा विषय काढायला लागली होती, आणि त्याच्या मागोमाग एका भोपाळच्या स्थळाचा. मला ती शिष्यवृत्ती हवी होती. हावऱ्यासारखी हवी होती.

म्हणून मी धारला आले, रेकॉर्डर आणि संमतीपत्रं घेऊन. ज्याची मुलाखत घ्यायची त्याला आधी सांगायचं की तुम्ही वाटेल तेव्हा थांबू शकता, उत्तर नाकारू शकता, आणि मग त्याची सही घ्यायची. सहीशिवाय घेतलेलं एक वाक्यही प्रबंधात चालत नाही. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात घोटून शिकवलेलं होतं, आणि तत्त्व म्हणून ते मला आजही पटतं.

जेवणं झाल्यावर आत्याबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. या माझ्या बाबांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर बँकेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही घरातले सगळे त्यांच्यासमोर जरा सावरूनच बसतात. मी कागद पुढे केला आणि शिकवल्याप्रमाणे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"रेवा, मी जन्मभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या," त्या म्हणाल्या. "सही परक्याची घेतात. घरच्या माणसाची सही घ्यायची वेळ येते ती वाटणीला. तुला वाटणी हवी आहे का?"

बाबा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली ठेवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. मी घाईघाईने समजावायला लागले की हा नुसता नियम आहे, यात तुमचंच रक्षण आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं रक्षण कोणापासून, तुझ्यापासून?" बाबांनी मध्ये पडून पाहिलं, अक्का, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, वगैरे. आत्याबाईंनी त्यांनाही गप्प केलं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, दोन्ही होईल, पण एका वेळी नाही. सही हवी तर सही करते, मग तू बाहेरची आणि मी बाहेरच्याला सांगतात तेवढं सांगणार. आणि घरातलं ऐकायचं असेल तर तो डबा बंद कर, कागद ठेवून दे, आणि ऐकलेलं कुठे लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. जनगणनेचे लोक येतात तेव्हा बसतात तशा. सही केली, तारीख घातली, आणि मी रेकॉर्डर चालू केल्याबरोबर हिंदीत बोलायला लागल्या. आमच्या घराची रीतच ती आहे. दारात आलेल्या सरकारी माणसाशी, सर्वेवाल्याशी, विमावाल्याशी हिंदीत बोलायचं, मराठी आतल्यांसाठी. पण ती रीत माझ्यावर कधी चालेल असं वाटलं नव्हतं.

"आप लिखिए," त्या म्हणाल्या. "हमारे पिताजी को धार में अच्छी नौकरी मिल गई थी, इसलिए देवास छोड़ दिया. और कोई कारण नहीं था."

त्या मला 'आप' म्हणाल्या. मी पुढचे प्रश्न विचारले, त्यांनी एकूण एक उत्तर दिलं, तारखा आणि हुद्द्यांसकट. मी मान खाली घालून टिपणं काढत राहिले. आईने चहा आणून ठेवला, तोही पाहुण्यांच्या कपबशीतून. तिने मुद्दाम केलं की चुकून, ते मी विचारलं नाही.

त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ लसूण सोलायला बसले, रेकॉर्डर आणि कागद खोलीत ठेवून. त्यांनी काही वेळ माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. आजोबांनी देवास का सोडलं, ते मला त्या दिवशी कळलं. ऐकून झाल्यावर मी सोललेल्या पाकळ्याच पुन्हा सोलत होते. ती काही भानगड नव्हती, चोरी नव्हती. दुसऱ्या एखाद्या घरात लोकांनी ती गोष्ट हसत सांगितली असती. आमच्या घरात ती दोन पिढ्या झाकून ठेवली, कारण त्यात एका माणसाची मान खाली जाते आणि तो माणूस आमचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच आत्याबाई शेवटी म्हणाल्या. ती गोष्ट मी तुम्हालाही सांगणार नाही.

प्रबंध मी हिंदी मुलाखतीवर लिहिला. त्याला गुण चांगले मिळाले. मग शिष्यवृत्तीची मुलाखत झाली. समोर चौघे जण होते. त्यातल्या एक बाई फार बारकाईने वाचून आलेल्या. त्यांनी विचारलं, तुझ्या आजोबांचं प्रकरण या प्रबंधाचा कणा आहे, पण चांगली नोकरी मिळाली म्हणून गेले हे काही पटत नाही, कारण धारमधला हुद्दा तर तूच खालचा दाखवला आहेस. मग ते गेले का?

मला सगळं माहीत होतं. नाव, महिना, कोण काय बोललं ते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि त्या बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या असत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सहीचा अडथळाही तिथे नव्हता, ते नुसतं बोलणं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, यापेक्षा अधिक मला सांगता येणार नाही. त्यांनी एकदा पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मी तेच उत्तर दिलं, आणि त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खरडलं.

शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला मिळाली.

आता मी त्याच गावात एका संस्थेसाठी घरोघर जाऊन भाडेकरूंच्या अडचणी विचारते. तात्पुरतं काम आहे, व्हिसा आहे तोवरचं. लोक दारातूनच बोलतात, काही जण अर्धवट उत्तर देऊन दार लावून घेतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. रात्री जेवताना मात्र स्वतःचा येतो. का नाही सांगितलं? आजोबा वारले, ज्याच्यामुळे त्यांनी देवास सोडलं तोही वारला, कोणाचं काय बिघडणार होतं? मी दोन वर्षं घालवली ती कशासाठी? ताटावरून उठते, खोलीत फेऱ्या घालते, परत बसते. या बाबतीत मला शांत वाटतं असं मी म्हणणार नाही, कारण वाटत नाही.

शिष्यवृत्ती नाही मिळाली हे घरी कळवलं तेव्हा बाबा म्हणाले, दुसरी मिळेल. आई म्हणाली, त्या भोपाळच्या मुलाचं अजून ठरलेलं नाही. मग आत्याबाईंनी फोन मागून घेतला. काय विचारलं त्यांनी मुलाखतीत, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की आजोबांनी देवास का सोडलं ते विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

पलीकडे झोपाळ्याची कडी कुरकुरली.

"उत्तर तर तुला येत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग बाकीचं तुला सांगायला हरकत नाही. पुष्कळ आहे. कधी येतेस?"

घर म्हणजे काय, यावर मी वर्गात बरंच काही वाचलं आहे आणि लिहिलंही आहे. आता मला विचारलंत तर धारच्या त्या स्वयंपाकघरात माझ्या वाटचं काही ऐकायचं राहिलं आहे, आणि जिच्याकडे ते आहे ती बाई म्हातारी होत चालली आहे, एवढंच मला ठाऊक आहे. सुट्टी मागितली आहे. साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. माझ्याच्याने इथे बसवत नाही.