लेकीचा हेल

माय मंगळवारी दुपारी चार वाजता गेली. भाऊ पुण्याहून निघाला होता, म्हणून तिला सकाळपर्यंत घरात ठेवायचं ठरलं. सोनगीरच्या घरात बायका भिंतीला टेकून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. पहिला हेल, म्हणजे मयतावरचं सुरातलं रडणं, लेकीनं काढायचा असतो. मला तो काढता आला नाही. सात वाजता मागच्या घरात टीव्ही लागला. मालिका सुरू झाली. मालिकेतून मायचा आवाज आला. त्या भागात तो मीच लावला होता, शनिवारी.

मागच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना ऐकू कमी येतं. शेजारी काय झालंय ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांचा टीव्ही नेहमीच मोठा असतो. मायच्या उशाशी बसलेल्या बायकांनी तो आवाज ओळखला. एकीनं पदर तोंडाशी नेला, दुसरी उठून दाराबाहेर गेली.

मी मालिकांना पार्श्वसंगीत देते. धुळ्यात देवपूरला राहते, मागच्या खोलीत खिडकीला दोन गोधड्या टांगून काम करते. मुंबईहून दृश्यं येतात, मी त्यांना सूर लावून परत पाठवते. मालिका सुरू होतानाच तीस-चाळीस तुकडे करून ठेवावे लागतात, कारण रोजच्या भागाला रोज नवं संगीत करायला वेळ नसतो. त्यांना आम्ही साधी नावं देतो: शंका एक, शंका दोन, माहेर, मोठं रडू. पुढे दोन-तीन वर्षं तेच तुकडे फिरवून वापरायचे. या कामाची एकच गोष्ट मला नीट जमत होती. संकट दारात यायच्या आधी सूर आला पाहिजे. पडद्यावरच्या बाईला अजून काही ठाऊक नसतं, ती चहा गाळत असते, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. तो गोळा आणणं हे माझं काम.

या मालिकेसाठी दिग्दर्शकांना मरणाची चाहूल देणारा एक तुकडा हवा होता. सारंगी नको, बासरी नको, ते सगळं ऐकून झालंय, असं ते म्हणाले. मला मायचा हेल आठवला.

आमच्याकडे बायका मयतावर नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाला नात्यानं हाक मारत, त्याच्या आठवणी सांगत, सुरात रडतात. माय त्यात जाणती होती. गावात कुणाकडे लेक परगावाहून पोचायची असली की तोवर मायला बोलावून नेत. ती उंबऱ्यापाशी बसायची, सूर धरायची, आणि बाकीच्या बायकांचं रडं मोकळं व्हायचं. पण ज्या घरात कोणी गेलेलं नाही तिथे हेल काढायचा नाही, हा नियम. लहानपणी भातुकलीत बाहुली मेली म्हणून मी सुरात रडायला लागले, तेव्हा मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तिनं मला मारलेलं मला तेवढंच आठवतं.

तरी मी माईक घेऊन सोनगीरला गेले. दुपार होती. नाना, म्हणजे माझे वडील, बाजारला गेले होते. पंखा बंद केला, दार लोटलं. मायनं घसा साफ करून नुसता सूर लावला, तोच शेजारून अक्का आल्या. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण.

“आठे कोन मरेल शे वं?”

“कोनी नही, अक्का. पोरले टीव्हीसाठे पाहिजे.”

“टीव्हीले आते मढं बी लागस का?”

“बठ्ठा जग रडस त्यामा. एक मी आखो.”

सगळ्या जगात आणखी एक रडणारी, या मायच्या विनोदाला अक्का हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शिकेल पोरगी ना तू? एवढं कळत नही तुले?” आणि चपला न घालताच निघून गेल्या. त्यांच्या चपला संध्याकाळपर्यंत आमच्या दारात होत्या.

मायनं दार पुन्हा लोटलं. मग म्हणाली, हाक कोणाला मारू? हेलाला हाक लागते, नाहीतर सूर बसत नाही. जिवंत माणसाला मारता येत नाही. जे गेलेत त्यांना दुसऱ्यांदा कशाला उठवायचं? मी म्हटलं, कोणालाही मार, मी शब्द नंतर काढून टाकणार आहे, नुसता सूर ठेवणार आहे. तिनं नाही म्हणून मान हलवली. नंतर म्हणाली, “मग मन्हाच काढस. दुसराले बाधाले नको.”

आणि तिनं तो स्वतःच्याच मरणाचा, माझ्या तोंडचा काढला. मी तिची लेक म्हणून रडते आहे असा. “मन्ही माय वं, माले सोडीसन कोठे गयी वं.” समोर मी बसले होते, कानावर हेडफोन, नजर आवाजाच्या काट्यावर. काटा लाल रेघेला जाऊ नये एवढंच मी बघत होते.

घरी येऊन मी शब्द कापले. आ आणि ओ एवढेच ठेवले, खाली एक खर्जाचा सूर धरला. शब्द नाहीत म्हणजे दोषही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तुकड्याला नाव दिलं, चाहूल.

चाहूल चालली. मालिकेत कोणी मरणार असलं की आधी ती यायची. पहिल्या वेळी माय खूश होती. शेजारच्या बायका आमच्याकडे बघायला जमल्या होत्या. “दख, मी उनू,” आपला आवाज आला तशी ती म्हणाली, “आते जाई कोनी तरी.” आणि गेलंच, मालिकेतली आत्या गेली. सगळ्या हसल्या.

दोन-तीन महिन्यांनी हसणं थांबलं. माय कुणाच्या ओसरीवर जाऊन काही गुणगुणली की बोलणं तुटायचं. गल्लीतले एक आबा आजारी होते. माय त्यांच्यासाठी भगर घेऊन गेली, तर सून दारातच म्हणाली, “काकू, तुम्ही नका येऊ आते. आबा झोपेल शेतस.” आतून आबांच्या बोलण्याचा आवाज येत होता. माय भगर घेऊन परत आली. पुढे मयतावरही तिला बोलावणं येईना.

मग तिचा फोन आला.

“माले त्यामातून काढी टाक.”

“काय झालं?”

“लोके भ्यातस माले. काढी टाक, बस.”

मी मुंबईला एक मेल केला. उत्तर आलं की चाहूल प्रेक्षकांच्या ओळखीची झाली आहे, ती बदलता येणार नाही. मी पुन्हा लिहू शकले असते. काम सोडते, असं म्हणू शकले असते. मी मायला सांगितलं, काढलं. तिनं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

त्यानंतर दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे भाग आले की मी आधी चाहुलीची जागा शोधायची. जिथे टाळता येईल तिथे शंका दोन लावायची. दोनदा ते चाललं, तिसऱ्यांदा भाग परत आला. मी चाहूल लावून पाठवला. मायनं तो पाहिला असणार. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. फोनवर फक्त माझं जेवण झालं का ते विचारायची. नाना म्हणाले की ती आता सात वाजता टीव्ही लावत नाही, अंगणात बसते.

पण मागच्या घरातला टीव्ही अंगणात ऐकू येतो.

थंडीत तिला ताप आला, मग न्यूमोनिया. धुळ्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. वय, फुप्फुसं, सगळं. मला ते पटलं आहे. अक्कांना पटलेलं नाही. मयताच्या दिवशी त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. मागच्या घरातून आवाज आला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि तो संपेपर्यंत सोडलं नाही. माझ्या वाटचं माय रडून गेली होती, आणि ते त्या खोलीत मला आणि शेजारच्या भिंतीतून ते ऐकलेल्या अक्कांनाच माहीत होतं.

मी पुन्हा मेल केला. या वेळी खरं कारण लिहिलं. त्यांनी शोक कळवला. तुकडा करारानं त्यांचा आहे. ती मालिका संपली, आता दुसरीत चाहूल वाजते. ते काम माझ्याकडे नाही, त्यामुळे कोणत्या दिवशी वाजेल ते मला आधी कळत नाही.

नाना रोज सात वाजता टीव्ही लावतात. मी सोनगीरला असले की विचारतात, “आज शे का वं तुन्ही माय?” मी सांगते, माहीत नाही. मग आम्ही दोघं बसून बघतो. शब्दांसकटची फाईल माझ्याकडे आहे. ती मी नानांना ऐकवलेली नाही.