हुकाचा आवाज

त्या स्क्वॉड्रनचा मला राग आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही. विमानवाहू जहाजावरच्या लढाऊ विमानांची ती तुकडी. माझा थोरला भाऊ तिथे मेकॅनिक होता. झाशीत आम्हाला समुद्र ठाऊक तो कॅलेंडरावरचा. तरी आमच्या घरातले वर्षानुवर्षांचे सणवार त्यानेच खाल्ले. आई गेली तेव्हा दादा जहाजावर होता. तो आला तेराव्यानंतर. हे मी त्या स्क्वॉड्रनला कधी माफ केलं नाही.

वडील रेल्वेत डबे तपासायचे. गाडी लागली की हातोडीने एकेक चाक ठोकत जायचे. चाक धड असलं तर खणखणीत वाजतं, तडा असला तर बद्द. बद्द वाजलं की डब्यावर खडूने ‘सिक’, म्हणजे आजारी, असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. मग गार्ड ओरडो की स्टेशनमास्तर, डबा कापून बाजूला. दादा लहानपणी त्यांच्या मागे मागे हिंडला आणि तोच कान घेऊन नौदलात गेला.

निवृत्त होऊन तो झाशीत ओरछा गेटजवळ माझ्याकडे राहायला आला, आणि त्याच्या तपासण्यांनी मला वैताग आणला. गॅसचं सिलिंडर आलं की साबणाचं पाणी लावून बघितल्याशिवाय पावतीवर सही नाही. सिलिंडरवाले भैया दारात ताटकळत. मी ओरडायची, “अरे दादा, कर ना सही! विमान उडवायचंय का आपल्याला?” तो ढिम्म.

एकच गोष्ट तो पुन्हापुन्हा सांगायचा. विमानाच्या शेपटीखाली एक हूक असतो. डेकवर उतरताना तो आडव्या तारेत अडकतो म्हणून विमान थांबतं, नाहीतर थेट समुद्रात. एका सकाळी दादाने तो हूक पान्याने ठोकला आणि तो बद्द वाजला. दादाने विमान सोडायच्या कागदावर सही करायला नकार दिला. पायलट अंगावर धावून आला, वरिष्ठांनी शिक्षेचा दम भरला, पण हा हटला नाही. शेवटी हूक उतरवला, तर त्यात केसाएवढा तडा. पायलटचा जीव वाचला. दादाला शाबासकी राहू दे, कुठे साधी नोंदही झाली नाही.

तोच पायलट म्हातारपणी स्क्वॉड्रनचा इतिहास लिहायला निघाला आणि माहिती गोळा करत आमच्या दारात उभा राहिला. दोन दिवस बसला, माझ्या हातची थालीपिठं मिटक्या मारत खाल्ली. दादाने आठवेल ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “साहब, बस वो हुक वाली बात लिख दीजिएगा।”

“ज़रूर,” साहेब म्हणाले. मला तो माणूस तेव्हाच आवडला नव्हता.

दादाने मग वर्षभर वाट पाहिली. “पोस्टमन येऊन गेला का गं?” हे रोजचंच. आयुष्यात त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणून मला ते ऐकवत नसे.

पुस्तक घेऊन साहेब स्वतःच आले. पुस्तक इंग्रजीत, आणि दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा वाचायचं मी. रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेलेला. पान सापडलं. तिथे लिहिलं होतं की उड्डाणापूर्वी पायलटने स्वतःच्या तीक्ष्ण नजरेने हुकातला तडा हेरला. दादाचा उल्लेख कुठेच नव्हता.

दादा पुढे झुकून बसला होता. खोटं वाचून त्याला सुखात ठेवणं माझ्या हातात होतं. साहेब चहाचा कप तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनाही तेच हवंय हे मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यानेच माझं डोकं फिरलं. जे छापलं होतं ते मी शब्दन्‌शब्द वाचलं, आधी मराठीत, मग साहेबांच्या तोंडावर हिंदीत.

“बहनजी, किताब में सबकी बात कहाँ आ पाती है,” साहेब म्हणाले. मग दादाकडे वळून, “पुराने सब लोगों ने इस कॉपी पर दस्तख़त किए हैं। आप भी कर दीजिए।” त्यांनी पेन पुढे केलं.

दादाने ते घेतलं, आणि मला त्याचाच संताप आला. सिलिंडरवाल्याला अर्धा तास उभं ठेवणारा हा माणूस इथे मान तुकवणार!

“दादा, करू नकोस,” मी म्हणाले.

“तेच पान काढ,” तो म्हणाला. “आणि नीट धर.”

मी पान धरलं. त्याने कागद चाचपला, त्या मजकुरावर मोठ्या अक्षरांत आडवं ‘सिक’ लिहिलं, खाली सही केली आणि पुस्तक साहेबांच्या हातात दिलं.